अर्धा प्लॉट

लेस्टर, १४ सप्टेंबर

प्रिय विद्या,

दोन महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही, रागावली असशील. गुडघा बरा आहे, गोळ्या बंद. आज लिहितेय ते आपल्या भाड्याच्या भाजीच्या प्लॉटसाठी.

काउन्सिलचं पत्र आलंय. महिनाअखेर भाडं भरा, नाहीतर प्लॉट सोडा. करारावर पहिलं नाव तुझं, तेव्हा तुला विचारल्याशिवाय मी काहीच करणार नाही. भाड्याचं काही नाही गं, वेळेचं आहे. जुन्या मापाने दहा रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. मे ते ऑगस्ट एकटीला आठवड्याचे आठ तास लागतात आणि निम्मे मागच्या भागातल्या बाइंडवीडमध्येच, त्या चिवट वेलाच्या तणातच जातात.

त्याची मुळं आठवतात ना? पांढरी, शेवयांसारखी, ओढली की कटकन तुटणारी. पेराएवढा तुकडा राहिला तरी नवा वेल फुटतो. म्हणूनच मी रोटाव्हेटर, ते माती खणायचं यंत्र, नको म्हणत होते. त्याच्या पात्यांनी एका मुळाचे पन्नास तुकडे होतात आणि सगळ्या वाफ्यांत पसरतात. तू कितीही भांडलीस तरी हे मी सोडणार नाही! आता माती फोर्कने, दातेरी फावड्याने, सैल करून मुळं हाताने अख्खी काढायची, मग वर प्रकाश अजिबात न जाणारं जाड काळं कापड, कडा वीतभर खोल पुरून, निदान दोन हंगाम. नुसता पुठ्ठा एका हिवाळ्यात कुजतो. त्याखाली बारीकसारीक तण मरतं, हा वेल मरत नाही. शिवाय आपली चिकणमाती ओली असताना खणली की वाळल्यावर विटेसारखी होते, म्हणजे खणायचे दिवसही मोजकेच.

पुढचा भाग मात्र माझ्याने सोडवत नाही. मूठभर माती दाबली की भुसभुशीत सुटते आता. बेलग्रेव्ह रोडवरचे मेथीदाणे रात्रभर भिजवून, मे ते ऑगस्ट दर पंधरा दिवसांनी एक ओळ. पाच आठवड्यांत जुडी हातात. कोथिंबीर जूनमध्ये पेरली की मोठ्या दिवसांमुळे लगेच फुलावर जाते, जुलैअखेरीस पेरली की पानं मिळतात. बटाटे फक्त लवकरच्या जातीचे. मार्चअखेर लावले की जुलैच्या सुरुवातीला निघतात, करप्याचा जोर वाढायच्या आत. एवढं आठवड्याच्या तीन-चार तासांत नीट होतं.

तर मला वाटतं, मागचा अर्धा परत करावा. पूर्ण सोडला तर पुन्हा प्लॉटसाठीच्या प्रतीक्षायादीच्या शेवटी उभं राहायचं, आणि ही माती काही परत मिळायची नाही.

अडचण एकच, तुझा रुबार्ब, तो आंबट देठांचा, मागच्या भागात आहे. पानं गळून तो झोपला की, नोव्हेंबरनंतर, गड्डा उपटून फावड्याने तोडते. प्रत्येक तुकड्याला एक टपोरा डोळा हवा. पण गड्ड्यात बाइंडवीडचं मूळ अडकलेलं असणारच, म्हणून बादलीत धुऊन, पांढरे धागे वेचून, आधी एक हंगाम कुंडीत ठेवीन. काही उगवलं नाही तरच पुढच्या वाफ्यात. पहिल्या वर्षी एकही देठ काढायचा नाही, सांगून ठेवते.

तुझी नवी नोकरी, चिनूची शाळा, सगळं फोनवर ऐकीन. आईंना नमस्कार.

अर्ध्याच्या करारावर दोघींची नावं ठेवायची का, तेवढं रविवारपर्यंत कळव. मला दोन्ही हवी आहेत.

तुझी,
मंजू