बाबा, ऑलिव्हचं मनावर घेऊ नका

कॉर्दोबा, स्पेन
मे 2024

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोन मध्येच कट झाला आणि बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, तुम्ही म्हणालात, मोसंबी काढून ऑलिव्ह लावलं तर काय हरकत आहे, त्याला पाणीच लागत नाही म्हणतात. राजस्थानातल्या ऑलिव्ह बागांचा तो व्हिडिओ दादानं मलाही पाठवलाय. मी सध्या ज्या मुलखात काम करते तिथे नजर जाईल तिथपर्यंत ऑलिव्हच आहे, त्यामुळे याचं उत्तर फोनवर घाईत द्यायचं नव्हतं.

उत्तर आधीच सांगते: लावू नका.

इथून जवळच हाएन नावाचा जिल्हा आहे. सहा कोटींहून जास्त झाडं आहेत एकट्या त्या जिल्ह्यात. जगातलं सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल स्पेनमध्ये निघतं आणि त्यातला मोठा वाटा हाएनचा. जुन्या बागांत दहा-बारा मीटरवर एक झाड, म्हणजे एकरी तीस-चाळीस. बागा शेकडो वर्षं कोरडवाहूच होत्या. पाऊस वर्षाला 500-600 मिलिमीटर, आपल्यापेक्षा फार कमी नाही, पण तो पडतो थंडीत, दमानं, आणि जमिनीत मुरतो. उन्हाळा कोरडा ठाक. ते झाड त्या चक्रावर पोसलेलं आहे.

तर या झाडाच्या माहेरी काय झालं ते ऐका. 2021-22 च्या हंगामात स्पेनमध्ये जवळपास 15 लाख टन तेल निघालं. पुढच्या हंगामात साडेसहा लाखांच्या आसपास. त्याच्या पुढच्या, म्हणजे आत्ता संपलेल्या हंगामात साडेआठ लाख. लागोपाठ दोन वर्षं निम्म्यावर. झाडं मेली का? नाही, आणि गोम तिथेच आहे. पाण्याचा ताण बसला की ऑलिव्ह पानांची रंध्रं मिटून घेतं, वाढ थांबवतं आणि जीव धरून बसतं. फळाचं काय व्हायचं ते होवो. शिवाय यंदा जी कोवळी काडी वाढते तिच्यावर पुढच्या वर्षी फुलं येतात. यंदा काडीच वाढली नाही तर पुढच्या वर्षीचं पीकही आत्ताच गेलं. एक दुष्काळ दोन पिकं खातो तो असा.

मागच्या सप्टेंबरात एका कोरडवाहू बागेत गेले होते. पानं लांबीतून दुमडलेली, खालची रुपेरी बाजू वर आलेली, त्यामुळे अख्खी बाग राखाडी दिसत होती. एक फळ तोडून दाबलं, तर साल आणि कोय, मध्ये गर नाहीच. मालक म्हातारा, तुमच्याच वयाचा. म्हणाला, मजुरी देऊन तोडणी करण्यापेक्षा राहू दे झाडावर. तोडणीला इथे मोरोक्को, सेनेगलहून माणसं येतात, आपल्याकडचे ऊसतोडीला जातात तशीच. पीकच नाही म्हटल्यावर त्यांनाही काम नाही.

उष्णतेनंही हात धुऊन घेतले. 27 एप्रिल 2023 ला कॉर्दोबात 38.8 अंश तापमान होतं. जालन्यात त्याचं कुणाला काही वाटणार नाही, इथे एप्रिलमधला तो उच्चांक होता आणि त्याच सुमाराला झाडं फुलावर येत होती. 1 मे ला हाएनमध्ये पावसासाठी येशूच्या मूर्तीची मिरवणूक काढली. मला आपली धोंडी धोंडी पाणी दे आठवली. पाऊस काही लगेच आला नाही.

आता पाण्याचं. कॉर्दोबा जिल्ह्याच्या उत्तरेला सिएरा बोयेरा नावाचं धरण आहे, ते 2023 च्या वसंतात पार आटलं. मग दुसऱ्या एका धरणाचं पाणी नळाला जोडलं, पण ते पिण्याजोगं नव्हतं. 80 हजार माणसांना जवळपास वर्षभर पिण्याचं पाणी टँकरनं. त्याच भागातल्या पोसोब्लांको गावात कामाला गेले तेव्हा रांग पाहिली. आई, तुला खोटं वाटेल, अगदी आपल्या वेशीवरचीच रांग, फक्त हंडे-घागरींच्या जागी प्लास्टिकचे कॅन आणि उचलायला मोटारी. भांडण मात्र एकही नाही, तेवढं एक चुकल्यासारखं वाटलं. फेब्रुवारीत बार्सिलोनाकडे दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा मर्यादा घातली माणशी रोज 200 लिटरची. आपल्याकडे टँकरचा सरकारी हिशेब माणशी 20 लिटरचा. यावर मी इथल्या लोकांना काही बोलत नाही, बोलून उपयोग नाही.

बाबा, तुम्ही म्हणाल, मग ठिबक टाकू. इथेही तेच झालं. ठिबक आलं, उत्पन्न वाढलं, म्हणून आणखी लोकांनी टाकलं. पूर्वी जिथे थेंब लागत नव्हता तिथे बोअर झाले. हाएनमधल्या ऊबेदा गावाच्या बाजूला तर शेकडो मीटर खोल, आणि खालचा साठा उपसून उपसून खाली गेला. आता नव्या बागा एकरी सहाशे-सातशे झाडांच्या, कुंपणासारख्या ओळीत लावलेल्या, यंत्रानं तोडायच्या. त्या पाण्याशिवाय उभ्याच राहत नाहीत. धरणं तळाला गेल्यावर नदीखोऱ्याच्या प्राधिकरणानं शेतीचं पाणी कापलं, तेव्हा सगळ्यात जास्त धाबं दणाणलं ते याच मंडळींचं. ठिबक विकणाऱ्यांकडेच मी नोकरी करते, तरी सांगते: वाचलेलं पाणी जमिनीत राहत नाही, शेजारच्या नव्या बागेत जातं.

आणि आपल्या जमिनीचं काय? ऑलिव्हला फुलायला लांबलचक थंडी लागते, ती अंबडला कुठून आणायची? मुळांशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही, आणि आपली काळी जमीन श्रावणात कशी चिकट होते हे मी तुम्हाला काय सांगणार. राजस्थानात ती झाडं हलक्या रेताड रानात आहेत, हिवाळा कडक आहे, आणि तिथेही ठिबक आहेच. ते व्हिडिओत दाखवत नाहीत.

गेल्या ऑक्टोबरात अंबड तालुका दुष्काळी जाहीर झाला तेव्हापासून तुम्ही बागेकडे बघून झुरताय हे आईच्या आवाजावरून कळतं. 2013 ला विकतच्या टँकरवर अर्धी बाग जगवलीत आणि अर्धीवर कुऱ्हाड चालवलीत. ते सरपण कित्येक दिवस दारात पडून होतं आणि तुम्ही त्या बाजूला बघत नव्हता. पुन्हा तीच वेळ आलीय, म्हणून घायकुतीला येऊन काही करू नका.

माझ्या मते या घडीला करायचं ते असं. विहिरीकडच्या झाडांवर जेवढी फळं आहेत ती उतरवून टाका, भाव मिळो न मिळो. पीक सोडायचं, झाड राखायचं. हलकी छाटणी, खोडाला बोर्डो पेस्ट, बुंध्याभोवती सोयाबीनचं भुसकट जाडसर पसरा. छाटलेल्या फांद्या जाळू नका, तोडून तिथेच टाका. इथे हल्ली सगळे तेच करतात, यंत्रानं भुगा करून. पानांवर केओलीनची, म्हणजे ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या मातीची, फवारणी इथेही करतात आणि आपल्या कृषी विद्यापीठाची शिफारसही आहे. पाणी थोडंच द्यायचं, पण रात्री.

ताणाचं तंत्र तर तुम्हीच मला शिकवलंत, फुलांसाठी मोसंबीचं पाणी तोडून बहार धरताना. इथले संशोधक ऑलिव्हला जुलै-ऑगस्टमध्ये, कोय टणक होते तेव्हा, मुद्दाम पाणी कमी करतात, कारण त्या वेळी ताण बसला तरी तेलाचं नुकसान सगळ्यात कमी होतं. म्हणजे कधी द्यायचं नाही हे कळलं की आहे तेवढ्यात भागतं. मोसंबीचं असं वेळापत्रक तुमच्या डायऱ्यांतून काढता येईल. पावसाच्या नोंदी असलेल्या वह्यांचे फोटो दादाला काढायला सांगा, मी आकडे बसवते.

बोअर मात्र नको. काळ्या पाषाणात सहाशे-सातशे फूट जाऊनही धूळच निघते हे आपल्या शिवारात कमी वेळा झालं का? आणि लागलंच पाणी तर ते बहुतेक काकांच्या विहिरीचं असणार. कायद्यानंही 200 फुटांपलीकडच्या बोअरवर बंधनं आहेत, पण ते बोअरचा एजंट सांगणार नाही.

इथे मार्चअखेरीस, ऐन ईस्टरच्या आठवड्यात पाऊस कोसळला. वर्षभर तयारी केलेल्या मिरवणुका रद्द झाल्या, माणसं देवळात बसून रडत होती, आणि शेतकरी बारमध्ये एकमेकांना टाळ्या देत होते. सिएरा बोयेरात पाणी आलंय. यंदा फुलोरा झकास आहे. आता सगळ्यांना धास्ती भावाची. जानेवारीत किलोला नऊ युरोपर्यंत गेला होता, दुकानात बाटल्यांना चोरीची कुलपं लागली होती. माल आला की तोही उतरणार. हे तुम्हाला कांद्यामुळे वेगळं समजवायला नको.

आई, तू गुडघ्याचं तेल संपलं की सांग, आणि टँकरच्या रांगेत स्वतः उभी राहू नकोस, दादाच्या पोरांना पाठव. बाबा, बोअरवाल्याला इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर दादाकडून मला कळवा, मी त्याच्याशी बोलते.

कळावे,
तुमची सुमी