खोगिराखाली हात घालणाऱ्या मामांस

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

तुम्ही खानापूरला येऊन गेलात त्याला दोन महिने होत आले, तरी रंगीच्या पाठीवर खोगीर चढवताना दर वेळी तुमचा तो हात डोळ्यांसमोर येतो. आभाराचे चार शब्द त्या दिवशी घशातच राहिले, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुम्ही स्वतः ही गोष्ट कोणाला सांगणार नाही, एवढे तुम्हाला एका दिवसात ओळखले आहे.

रंगी माळेगावच्या यात्रेतून आणलेली, दख्खनी वळणाची घोडी. उंचीने बेताची, अंगाने पिंपासारखी रुंद आणि पाठीने आखूड. माझा उजवा खांदा निवृत्तीच्या आधीपासून वर जात नाही. चामड्याचे पूर्ण वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी गुराख्यांच्या धाटणीचे, खोगीर सहज अठरा किलोंच्या घरात जाते, आणि तेवढे ओझे उचलून घोडीवर टाकणे मला शक्य नाही. परंतु जांबोटीकडच्या चढ-उतारांवर त्याची ऐसपैस बैठक आणि हाताला येणारा पुढचा खुंट यांचा या वयात मोठा आधार वाटतो. रुंद आणि आखूड घोडीला बसेल असे हलके वेस्टर्न खोगीर, एवढेच मी शोधत होते, आणि त्यात जगावेगळे काही मागितले असे मला आजही वाटत नाही.

ज्यांच्याकडे मी आधी गेले त्यांची नावे घेत नाही. पहिल्याने 'फुल क्वार्टर हॉर्स बार' आणि 'सात इंची गलेट' असे, आतल्या फळ्यांच्या आणि पुढच्या कमानीच्या मापांचे शब्द तोंडावर फेकून खोगीर गळ्यात मारले. हे आकडे प्रत्येक कारागिराचे वेगळे असतात आणि आकडा तोच असला तरी आतल्या फळ्यांचा उतार वेगळा असू शकतो, हे त्याने सांगितले नाही, आणि घोडीचा साधा फोटोसुद्धा मागितला नाही. दुसऱ्याने खाली जाड गादी घालण्याचा सल्ला दिला, म्हणजे घट्ट बुटात आणखी एक मोजा. तिसरा म्हणाला की तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळा, बसेल हळूहळू. मी शिकलेली बाई असून तिघांचेही ऐकले. सहा महिन्यांत रंगीच्या खांद्यांमागे पांढरे केस उगवले. सगळी पाठ घामाने भिजलेली असताना तेवढे दोन तळहाताएवढे डाग दाबामुळे कोरडे राहू लागले. खोगीर दिसताच ती मान वळवून चावायला धावू लागली, आणि मी तिला खोडकर ठरवले. हे लिहिताना शरम वाटते.

घोडागाडीच्या शर्यतींचा नाद असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तुमचे नाव सुचवले. चपला शिवणारा माणूस वेस्टर्न खोगिराचे काय सांगणार, अशी शंका माझ्या मनात आली होती, हेही कबूल करते. फोनवर तुम्ही फक्त एवढेच म्हणालात की घोडी बघितल्याशिवाय बोलता येत नाही, आणि सत्तरीच्या वयात अथणीहून बेळगाव, बेळगावहून खानापूर अशा दोन बस बदलून आलात. खोगीर उलटेपालटे करून म्हणालात, "बाई, हे खोगीर मला नवं हाय, घोडी नवी न्हाई."

मग मला वर बसायला सांगितलेत, आणि रंगीच्या खांद्यामागे, खोगिराच्या कडक फळीखाली आपला उजवा हात सरकवून तिच्या बरोबरीने अंगणातून विहिरीपर्यंत चालत गेलात. हात बाहेर काढलात तेव्हा चारही बोटांच्या पेरांवर लाल वळ उठले होते आणि एका पेराचे सालपट निघाले होते. "वीस पावलं झाली, बाई. तुम्ही किती वेळ बसता?" मी म्हणाले, दोन तास. तुम्ही काहीच बोलला नाहीत. नळाखाली हात धरून उभे राहिलात. मला दोष दिला असता तर कदाचित मी वाद घातला असता. समोरच्याचे चुकले आहे हे ठाऊक असूनही त्याला खाली पाहायला न लावणारी माणसे मी तीस वर्षांच्या नोकरीत फार थोडी पाहिली, आणि त्यांत साहेब तर जवळजवळ कोणीच नव्हते.

पुढचे सारे तुमच्याच शब्दांवर चालले. पुढची कमान अरुंद पडली की खोगीर पुढून उचलले जाते आणि बसणाऱ्याचा भार मागे कंबरेवर सरकतो. शेवटची बरगडी अंगठ्याने चाचपून तुम्ही खडूने रेघ ओढलीत आणि तिच्या मागे वजन नको म्हणालात. माझे खोगीर त्या रेघेच्या चार बोटे मागे, थेट कंबरेवर गेले होते. हलके खोगीर घ्या, पण फळ्या तोकड्या केलेले घेऊ नका, नाहीतर तेच वजन कमी जागेत रुतेल, हा इशारा मला एकाही दुकानात मिळाला नव्हता.

तारेने पाठीचा उतार घेऊन तो आपण एका कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उतरवला होता, त्याचा पुठ्ठा कापून मी कानपूरला पाठवला. बेळगाव जिल्ह्याचा वाटा असलेल्या कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कानपूरच्या खोगिरालाही ते आहे; पण माल कोणाच्या अंगाला बसेल हे मानांकनावरून कळत नाही, ते त्या पुठ्ठ्यावरून कळले. फायबरग्लासचा रुंद सांगाडा, वर चामड्याऐवजी जाड कृत्रिम कापड, आणि वळताना घोडीच्या कंबरेच्या हाडाला टोचू नये म्हणून मागचा घेर गोल कापलेला, असे साडेआठ किलोंचे खोगीर आले. ते मी एकटी उचलते. ओट्यावरून चढते, त्यामुळे ते फिरत नाही, आणि तंग पूर्वीपेक्षा दोन भोके सैल बांधते.

घाम आता सगळीकडे सारखा येतो. पांढरे केस मात्र तसेच आहेत. तुमच्या बोटाला त्या दिवशी हळद लावण्याचेही मला सुचले नाही, मामा. ते सालपट भरून आले का, एवढे कळवा.

आपली,
खानापूरच्या बाई