अप्पांच्या फलकावरचा बंकर

बोलोन्या,
१६ नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. व्हॉट्सॲपवरच लिहिणार होतो, पण तुझा फोन तुझी पोरं वाचतात आणि पोरं शाळेत गेली की वहिनी वाचतात, असं तूच म्हणाला होतास. हे प्रकरण त्यांच्यापर्यंत गेलं की संध्याकाळपर्यंत अप्पांच्या कानावर. म्हणून कागद. माझी शुगर आटोक्यात आहे, हिची पाठ तशीच. झालं तब्येतीचं.

विषय अप्पांचा आहे. म्हणजे आजोबांचा, पण खरा अप्पांचाच.

ग्रामपंचायतीसमोर २६ जानेवारीला माजी सैनिकांचा फलक बसतोय हे तुला माहीत असणारच. मुलांना लेझीम शिकवायचं काम तुझ्याच गळ्यात पडलं असेल. अप्पांनी आजोबांचा मजकूर मला पाठवला. 'जंगी पलटणीचे वीर जवान, यांनी इटलीच्या रणभूमीवर जर्मनांचा अभेद्य बंकर एकट्याने काबीज केला.' (जंगी पलटण म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन.) खाली एक रिकामा चौकोन. त्यात त्या बंकरचा रंगीत फोटो, आणि तो मी पाठवायचा. फोनवर म्हणाले, "तू तिथंच तर राहतोस, तुला काय अवघड आहे?" इटली अप्पांच्या लेखी कोरेगाव तालुक्याएवढी आहे.

आता सांग, तू आणि मी सोडून जगात कोणाला ठाऊक आहे की आजोबांनी बंकर काबीज केला नव्हता, ते त्यात झोपले होते?

आठव. ओट्यावर त्यांचे पाय चेपायला आपण दोघं. तू डावा, मी उजवा, आणि तू नेहमी अंग चोरायचास. "जर्मन रातोरात गेला, मग आम्ही आत शिरलो. कोरडी जागा गावली म्हणून देवाला हात जोडले. सकाळी बघतो तर अंगभर उवा. जर्मनाच्या उवा, लेकानो!" आणि मग ते हसणं, खोकला येईपर्यंत. आतून आजी ओरडायची, "पोरांना काय सांगताय ते घाण!" खेचरांवरून दारूगोळा आणि पीठ चढवायचे, चिखल, बर्फ, आणि ती म्हातारी जिने भाजलेली काळी फळं दिली, 'आठळ्यांसारखी लागत्यात.' एवढीच त्यांची लढाई आपल्याला माहीत. बंकर एकट्याने घेतला हे कधी, कुठून आलं? माझा संशय त्या सत्काराच्या भाषणावर आहे. आजोबा गेल्यावर अप्पांनी पहिल्यांदा माइक हातात धरला होता ते. तू म्हणतोस पक्याने लिहून दिलं होतं. पक्या म्हणतो तू.

असो. अप्पांचा हुकूम म्हणून मी बंकर शोधायला निघालो, आणि इथूनच माझी पंचाईत सुरू होते.

तुला नकाशा थोडा सांगतो, कारण तू भूगोलाचा मास्तर असून इटलीचा फक्त बूट काढतोस. इटलीच्या कमरेला आडवा आपेनिन डोंगर आहे. १९४४ मध्ये जर्मनांनी त्यावर या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, पश्चिमेला मास्सापासून पूर्वेला पेझारोपर्यंत, तटबंदी उभी केली. तीनशे किलोमीटरच्या आसपास. नाव ठेवलं गॉथिक लाइन. मग हिटलरला वाटलं की इतकं भारदस्त नाव ठेवलं आणि उद्या ती फुटली तर शत्रू गावभर डांगोरा पिटेल. म्हणून जूनमध्ये नाव बदलून 'ग्रीन लाइन' केलं. नामांतराचा सोस फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नकोस. काम टॉड्ट नावाच्या जर्मन बांधकाम संघटनेचं, आणि राबणारे हात बरेचसे धरून आणलेल्या इटालियन लोकांचे.

या तटबंदीतले सगळ्यात धड राहिलेले बंकर लुक्काच्या वर, सेर्किओ नदीच्या खोऱ्यात, बोर्गो आ मोत्सानो नावाच्या गावात आहेत. तिथे गेलो. हिला आणि पोरीला नदीवरच्या त्या जुन्या कमानी पुलाचे फोटो काढायला सोडलं (त्याला सैतानाचा पूल म्हणतात, एक कमान भलतीच मोठी, बाकीच्या लहान) आणि मी स्थानिक मंडळींबरोबर वर चढलो. ते लोक कुलपं उघडून दाखवतात. चेस्टनटचं रान, खाली काटेरी सालींचा खच. बाळ्या, तू असतास तर दार उघडायच्या आधी आत असतास.

तोंड इतकं लहान की शेजारून गेलो तरी कळू नये. आत पाय टाकला की चार पावलांवर सरळ काटकोनात वळण. उघड आहे कशासाठी: बाहेर गोळा फुटला तर धक्का भिंतीवर आपटावा, आत येऊ नये. आपल्या गडांचे दरवाजे वळणात का लपवतात हे तू मला अजिंक्यताऱ्यावर तासभर समजावलं होतंस, ते तिथे आठवलं. मग भुयार, डोंगराच्या पोटात. थेंब टपकतोय. भिंतीवर हात फिरवला तर काँक्रीटमध्ये फळ्यांचे ठसे. नुसत्या फळ्यांचे नाहीत, लाकडाच्या रेषा आणि गाठीसुद्धा. एका जागी दोन फळ्या नीट जुळल्या नव्हत्या, तिथून सिमेंटचं पाणी ओघळून वाळलंय, बोटभर जाडीची कड. आमच्या कारखान्यात असं कास्टिंग आलं तर मी परत पाठवतो. ती फळी ठोकणारा कोण, रोजावर होता की बंदुकीच्या धाकावर, काही कळायला मार्ग नाही. छताला चुन्याच्या बारीक नळ्या लोंबताहेत, आणि कोपऱ्यात लांब पायांचे, रंग उडालेले किडे. हो, ओरडलो. एकदाच.

शेवटी गोळीबाराची फट. बाहेरच्या बाजूला रुंद, आत अरुंद, आणि कडांना पायऱ्या पाडलेल्या. सपाट उतार असता तर बाहेरून आलेली गोळी घसरत आत आली असती, पायरीवर आदळली की बाहेरच उडते. डोळा लावला. खाली नदी, रस्ता, रेल्वे, सगळी दरी हाताच्या टप्प्यात. फोटो असा झकास आला की अप्पांनी चौकोन दुप्पट मोठा केला असता.

मी विचारलं, इथली लढाई कशी झाली? चावीवाला म्हणाला, इथे लढाई झालीच नाही. दोस्त राष्ट्रांचा मुख्य जोर दुसरीकडे, पूर्वेला समुद्राकाठी आणि मध्ये जोगोच्या खिंडीपाशी होता. तिकडे रेषा फुटली, आपली आठवी इंडियन डिव्हिजनही सप्टेंबरात त्याच डोंगरांत फेमिना मोर्ताच्या उंचवट्यांवर चढली, आणि इथले जर्मन सप्टेंबरच्या शेवटी उठून वर उत्तरेला सरकले. म्हणून बंकर शाबूत. जिथे ठोकाठोकी झाली तिथे दगडावर दगड राहिला नाही.

आणि तरी आजोबा त्या दरीत असावेत अशी माझी खात्री आहे. १९४४ च्या नाताळात जर्मनांनी त्याच खोऱ्यात वरच्या अंगाला बार्गापाशी अचानक मुसंडी मारली, अमेरिकनांची फळी मागे रेटली, आणि भोक बुजवायला आठव्या इंडियन डिव्हिजनच्या ब्रिगेडी घाईने आणल्या. जंगी पलटण त्याच डिव्हिजनमध्ये. त्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या लोक चेस्टनटच्या पिठावर जगले. गावात एक माणूस भोकं पाडलेल्या तव्यावर चेस्टनट भाजत होता, पुडी घेतली, एक सोलून तोंडात टाकलं. आठळ्याच, गड्या. मीठ लावलं असतं तर आजीच्या चुलीतल्या.

आता दुसरी बाजू. जिथे जंगी पलटण खरोखर जर्मन मोर्च्यांवर तुटून पडली ती जागा आमच्या घरापासून फार लांब नाही: सेनिओ नदी. ९ एप्रिल १९४५. नामदेव जाधवांचं तुला मी सांगायला नको, निमज काय आणि संगमनेर काय, तू तिथे दोन वर्षं नोकरी केलीस. कंपनीचा निरोप्या माणूस. दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून, सुरुंगांतून मागे आणलं, मग हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून हातबॉम्बवर आला, मशीनगनचे मोर्चे थंड केले आणि काठावर चढून गर्जना करत मागच्यांना बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. त्या नदीला दोन्ही बाजूंना मातीचे उंच बंधारे आहेत आणि जर्मनांनी त्या बंधाऱ्यांच्या पोटात बिळं करून मशीनगनी बसवल्या होत्या.

त्यातलं आज काय आहे? काही नाही. माती होती, माती झाली. लढाईनंतर बंधारे परत बांधले, २०२३ च्या मे महिन्यात सेनिओला पूर आला तेव्हा ते फुटले, पुन्हा यंत्रं लावून भरले. वरून लोक सायकली चालवतात. मी फोटो काढून अप्पांना पाठवला. त्यांचं उत्तर जसंच्या तसं देतो: "हा तर आपला कालवा. यासाठी इटलीला कशाला गेलास?"

हसू नकोस. म्हणजे हस, मीही हसलो, पण रात्री झोप नाही लागली.

फोर्लीलाही गेलो होतो, भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. मुसलमान सैनिकांच्या कबरी, आणि ज्या हिंदू-शिखांना अग्नी दिला त्यांच्यासाठी नावांचं स्मारक, साडेसातशेहून जास्त नावं. मराठा लाइट इन्फंट्रीची नावं वाचत गेलो आणि मध्येच थांबलो, कारण माझ्या लक्षात आलं की मी आजोबांचं नाव तिथे नाही याचा आनंद मानतोय. ते परत आले, उवा घेऊन आले, आपल्याला पाय चेपायला मिळाले. एवढं पुरे नाही का फलकाला? नाही. अप्पांना पुरे नाही. "घाडग्यांचं स्मारक तिकडं मोंटोनेला झालं, सूर्यघड्याळ बसवलं, आणि आमच्या बापाचं नाव गावातसुद्धा नको?" यशवंत घाडगे, तोही व्हिक्टोरिया क्रॉसवाला, बाविसाव्या वर्षी इटलीत एकटा मशीनगनवर धावून गेला आणि तिथेच पडला, अप्पा, असं मी म्हणालो. पलीकडे शांतता. मग फोन आईकडे.

आता मूळ दुखणं. खोटा फोटो पाठवणं सोपं आहे, तिकडे कोण येतंय तपासायला? बोर्गोचा बंकर अस्सल जर्मन आहे, अभेद्यही आहे. कोणी भेदायला आलंच नाही. आणि खरं सांगणंही मला जमलं असतं. पण खरं सांगायचं म्हणजे अप्पांना काय सांगायचं? की तुमचे वडील आम्हां दोन पोरांना सगळं सांगायचे, आणि तुम्हाला काहीच सांगितलं नाही? तू पाहिलंयस ते घर. अप्पा ओसरीवर आले की आजोबांचं बोलणं बंद. पायसुद्धा ओढून घ्यायचे. पेन्शनचा कागद, बैलाची पेंड, पाटाची पाळी, यापलीकडे त्या दोघांत शब्द नव्हता. अप्पांनी तो बंकर हवेतून नाही बांधला, त्यांना बापाकडून जे मिळालं नाही त्या जागी बांधलाय. मी तो पाडायला जाऊ? आणि हातात काय घेऊन, उवा?

तू म्हणशील, नेहमीसारखा आडवळणाने जातोस. वासोट्याला नागेश्वराची वाट मी चुकवली असं तू अजून सगळ्यांना सांगतोस, म्हणून स्पष्ट लिहितो: वाट तू सोडलीस, करवंदं दिसली म्हणून. बॅटरीही तुझ्याच पिशवीत होती. तो विषय संपला.

मला सुचतं ते असं. मजकूर फक्त 'जंगी पलटण, इटली, १९४४–४५' एवढा ठेवावा, आणि चौकोनात आजोबांचाच फोटो, तो टोपी वाकडी असलेला. हे मी सांगितलं तर 'पोरगं परदेशात जाऊन शहाणं झालं' होईल. तू सांगितलंस तर ऐकतील. तुला ते अजून मास्तर म्हणतात, मला बाबू. फलकावर जागा कमी आहे म्हण, सगळ्यांना दोनच ओळी असं ठरलंय म्हण. हेही खोटंच, पण छोटं. आणि त्या दिवशी अप्पा बरे दिसले, चहा झाला, आई आत गेली, तर आठळ्यांची गोष्ट काढ. फक्त तेवढीच. आजोबांनी तुलाच सांगितली होती असं म्हण, माझं नाव घालू नकोस. तू परका आहेस, तुझं त्यांना लागणार नाही. उवांचं तुझ्या अंदाजाने.

पक्याला बरोबर नेऊ नकोस.

धाकटीच्या ॲडमिशनचं काय झालं? सांगली की पुणे? वहिनींचा गुडघा कसा आहे, ऑपरेशन करायचं तर उन्हाळ्याआधी करा. तुझ्या बदलीचं ऐकलं, वाईट वाटलं, सविस्तर लिही. आणि कुलकर्णी सरांकडे जाऊन ये, माझा नमस्कार सांग.

अप्पांना भेटून बाहेर पडलास की लगेच फोन कर. इथे साडेचार तास मागे आहे, सकाळी गेलास तर मी झोपेत असेन, तरी कर.

तुझा,
बाबू

ता. क. वाकड्या टोपीचा फोटो आईच्या ट्रंकेत आहे, साड्यांच्या खाली. अप्पांना विचारू नकोस, आईला विचार.