संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: १९६५च्या कॅनबेराचे कागद खुले करा

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

२१ सप्टेंबर १९६५च्या पहाटे आपल्या हवाई दलाचे एक कॅनबेरा बॉम्बफेकी विमान मोहिमेवरून परतत होते. पंजाबच्या सीमेवरील फाजिल्काच्या बाजूला, सुमारे ३३,००० फुटांवर, पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटर या लढाऊ विमानाने साइडवाइंडर क्षेपणास्त्र सोडून ते पाडले. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट लो इजेक्ट झाले आणि युद्धकैदी म्हणून पकडले गेले. नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग दाखवणारे, फ्लाइंग ऑफिसर कपूर मृत्युमुखी पडले.

या विमानाची रचना समजल्याशिवाय ही घटना कळत नाही. कॅनबेराच्या बी(आय)-५८ या प्रकारात वैमानिक डावीकडे सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली बसे. इजेक्शन सीट, म्हणजे संकटात माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, फक्त त्याला. नॅव्हिगेटर पुढे, विमानाच्या नाकात. संकटात त्याने जागेवरून उठायचे, पॅराशूट अंगाला अडकवायचे, उजव्या बाजूच्या दाराशी सरकायचे आणि स्वतःला बाहेर झोकून द्यायचे. विमान सरळ उडत असेल तर हे जमण्यासारखे आहे. ते गिरक्या घेत कोसळू लागले की अंगावर इतका भार येतो की हातसुद्धा उचलवत नाही. त्यात ऑक्सिजनची नळी सुटली, तर त्या उंचीवर शुद्ध जेमतेम मिनिटभर टिकते. आमच्या मते नॅव्हिगेटरला इजेक्शन सीट नसणे हा या विमानाचा सर्वांत क्रूर दोष होता.

बचावाचेही तसेच. पोटाखालच्या चार २० मिमी तोफांची तोंडे पुढे. मागून येणाऱ्यावर झाडायला काही नाही. अंधार हीच ढाल. उंचावर चढले की शत्रूच्या जमिनीवरील रडारला विमान दिसते, खालून उडावे तर इंधन भराभर संपते. आणि उष्णतेचा माग घेणाऱ्या क्षेपणास्त्राला थंड आकाशात दोन एव्हॉन इंजिनांचे तापलेले एक्झॉस्ट लगेच सापडतात. म्हणून आमचे प्रश्न नेमके आहेत. परतीची उंची कोणी आणि कशावरून ठरवली? मागे शत्रू असल्याचा इशारा विमानात मिळाला का? आपल्या रडार केंद्रांनी काय पाहिले, आणि ते वैमानिकापर्यंत पोचले का?

आपल्या मंत्रालयाने जून २०२१मध्ये मंजूर केलेल्या धोरणानुसार युद्धविषयक कागद सामान्यतः २५ वर्षांत खुले व्हायला हवेत. त्याहून जुने कागद तपासून, युद्धाचा इतिहास संकलित झाल्यावर, राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायचे आहेत. या घटनेला साठ वर्षे झाली.

आम्हाला हवे आहे ते एवढेच: त्या रात्रीची स्क्वॉड्रनची नोंदवही, उड्डाण-मंजुरीचे पान, मोहिमेपूर्वीची सूचनापत्रे, हवामानाचा अहवाल, रडार केंद्राची लॉगबुके आणि सुटकेनंतर वैमानिकाने दिलेली जबानी. लॉगबुकांतल्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत आहेत की ग्रिनिचच्या, हे प्रत्येक कागदावर नमूद करावे. नाहीतर मिनिटांचा ताळा लागत नाही. हे कागद स्कॅन करून अभिलेखागारात एकाच क्रमांकाखाली ठेवावेत. एखादी ओळ आजही गोपनीय ठेवणे भाग असेल, तर तेवढी ओळ झाकावी, सगळी फाइल नको.

आपले,
हवाई दलाच्या इतिहासाचे अभ्यासक