निळ्या अंड्यांची कोंबडी: जोडी उलटी लावू नका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

‘निळी अंडी देणारी कोंबडी, मादीची खात्री पहिल्याच दिवशी’ अशा जाहिराती सध्या मुंबईकरांच्या फोनवर फिरत आहेत. गोराई, मनोरी, उत्तनच्या गावठाणांत परसात चार कोंबड्या पाळणाऱ्यांना हे आमिष मोठे आहे. पिल्लांत निम्मे नर निघायचेच, आणि पाच महिन्यांचा कोंबडा पहाटे चारला आरवू लागला की शेजार उठतो. दावा खोटा नाही, पण तो अर्धवट सांगितला जातो. अंड्याचा निळा रंग आणि पिल्लाची नर-मादी ओळख हे दोन वेगळ्या जनुकांचे काम आहे. आई कोणती आणि बाप कोणता हे विकणारा सांगत नसेल तर त्याच्या खात्रीला काडीची किंमत नाही.

आधी रंगाचे. निळे कवच बिलिव्हर्डिन या रंगद्रव्यामुळे होते आणि ते कवचाच्या पूर्ण जाडीत मुरलेले असते. अंडे फोडा, आतला पापुद्रा नखाने सोलून काढा. आतली बाजूही निळीच दिसली पाहिजे. आत पांढरे असेल तर ते अंडे रंगात बुडवलेले आहे. तपकिरी रंगद्रव्य शेवटी, वरच्या थरावर बसते. म्हणून निळ्या कवचावर तपकिरी चढला की अंडे हिरवट दिसते. पौष्टिकतेत यातल्या कशानेही फरक पडत नाही; ‘औषधी निळे अंडे’ म्हणून दुप्पट भाव देऊ नये.

निळ्याचे जनुक प्रभावी आहे, आईबापांपैकी एकाकडून आले तरी पुरते. त्यामुळे एकेरी (जनुक एकाच पालकाकडून आलेली) आणि दुहेरी (दोघांकडून आलेली) निळी कोंबडी अंड्यावरून नीट वेगळी काढता येत नाही. कोंबडा तर अंडेच घालत नाही. त्याची परीक्षा एकच: त्याला पांढऱ्या अंड्यांच्या लेगहॉर्न माद्यांवर सोडायचे आणि मुली वाढवायच्या. एकही मुलगी पांढरे अंडे देऊ लागली तर कोंबडा एकेरी. एकेरी कोंबड्याच्या सातही मुली निळे देण्याची शक्यता १२८ त १ इतकीच असते. याला सहा महिने लागतात, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते.

आता नर-मादी. ‘टोकदार अंड्यातून नर’ ही आपल्याकडची समजूत सोडून द्यावी. पक्ष्यांत लिंग कोंबडीच्या गुणसूत्रावर ठरते, अंड्याच्या आकारावर नाही. पट्टेरी पिसांचे जनुक नराच्या दोन्ही झेड (लिंग ठरवणाऱ्या) गुणसूत्रांवर बसू शकते, मादीकडे झेड एकच असते. केंब्रिजमध्ये जनुकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी यावरच १९२९ मध्ये कॅम्बार ही जात तयार केली. पुढे तिथेच चिलीहून आलेल्या निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांचे रक्त मिसळून निळी अंडी देणारी क्रीम लेगबार ही जात झाली. तिच्या नर पिल्लाला पट्टेरी जनुकाची दुहेरी मात्रा मिळते, म्हणून लव फिकी, पाठीवरचा पट्टा पुसट आणि डोक्यावर विस्कटलेला पांढुरका ठिपका. मादीच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत गडद तपकिरी पट्टा, कडा रेखीव, आणि डोळ्यामागे काजळ घातल्यासारखी रेघ. पारख लव कोरडी झाल्यावर, पहिल्या २४ तासांत, दिवसाच्या उजेडात करावी. ट्यूबलाइटखाली फिकी मादी नर वाटते. शंकेचे पिल्लू पैदाशीला कधीच ठेवू नये, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत सगळीच पिल्ले शंकेची होतात.

शुद्ध लेगबारची जोडी हाताशी असेल तर प्रश्न नाही. आपल्याकडे बहुतेकांकडे एखादाच पक्षी असतो आणि बाकी गावरान. इथेच जोडी उलटी लागते. लेगबार कोंबडा गावरान मादीवर सोडला तर मुलगे आणि मुली दोघांनाही पट्टेरी जनुक एकेकदाच मिळते. पहिल्या दिवशी काहीच कळत नाही. लेगबार मादी आणि बिनपट्ट्यांचा कोंबडा ही जोडी लावली तर जनुक फक्त मुलग्यांकडे जाते. मुंबईजवळ मिळणाऱ्या पक्ष्यांत यासाठी शुद्ध काळा कडकनाथ कोंबडा सर्वात सोयीचा, कारण काळ्या लवेवर ठिपका लपत नाही: डोक्यावर पांढरा ठिपका तो नर, डोके निखळ काळे ती तलंग. मुलींचे पायही जास्त काळे असतात. त्यांची अंडी निळी, किंचित हिरवट छटेची. पांढरा लेगहॉर्न कोंबडा मात्र इथे चालत नाही. त्याचा पांढरा रंग प्रभावी आहे, सगळी खूण झाकून टाकतो. अंड्यांचे गणितही मनात ठेवावे. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते, लेगबार १८० च्या आसपास, संकर त्यांच्या मधे कुठेतरी. ३०० अंड्यांचा हिशेब पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेयर कोंबडीचा, तो इथे लावू नये.

ही खूण एकाच पिढीची. त्याच भावंडांची पुढे जोडी लावली तर ठिपका नरातही येतो, मादीतही, आणि चार मुलींतली एक निळे अंडे देत नाही. बाजारात ‘निळ्या अंड्यांची मादी’ म्हणून खपतात ती बरीचशी पिल्ले या दुसऱ्या पिढीची असावीत असे आमचे मत आहे. कोंबडा बदलला तर तीन आठवडे अंडी उबवणीला घेऊ नयेत. आधीच्या नराचे बीज मादीच्या अंगात दोन-तीन आठवडे जिवंत राहते. एका कोंबड्याला ८ ते १० माद्या पुरेत.

उबवणीचे आकडे पुस्तकात मिळतात, पण ते मुंबईच्या हवेचे नसतात. पंखा असलेल्या उबवणी यंत्रात तापमान ३७.५ अंश, आर्द्रता पहिले १८ दिवस ५० टक्क्यांच्या आसपास आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. जुलैत खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते. तीच हवा ३७.५ पर्यंत तापली की आत आपोआप ५० टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळ्यात १८ व्या दिवसापर्यंत पाण्याचा ट्रे कोरडा ठेवायचा. सवयीने भरला तर अंड्यातले पाणी उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवचातच गुदमरते. मग दोष बियाण्याला दिला जातो. जानेवारीत, किंवा एसी चालू असलेल्या खोलीत, तोच कोरडा ट्रे आतली आर्द्रता ३० च्या खाली नेतो आणि पिल्लू पापुद्र्याला चिकटते. आर्द्रतामापकाच्या काट्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा अंडी तोलावीत: ५० ग्रॅमचे अंडे १८ व्या दिवशी ४४ ग्रॅमच्या आसपास भरले की पाणी बरोबर.

साठवणीत त्याहून जास्त नुकसान होते. ३० अंशांच्या स्वयंपाकघरात अंड्यातला गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. फ्रिजचे ४ अंश त्याला थंड पडतात. १६ ते १८ अंशांची सोय नसेल तर तीन-चार दिवसांतली अंडीच लावावीत. टेम्पोतून किंवा लोकलने आणलेली अंडी निमुळते टोक खाली करून १२ ते २४ तास स्थिर ठेवावीत. परदेशातून बॅगेत अंडी आणण्याचा सल्लाही या जाहिरातींखाली दिसतो. आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला असल्याशिवाय ते बेकायदा आहे. २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लूने काय केले ते राज्याने पाहिले आहे.

घेणाऱ्याने विक्रेत्याकडून पिल्लाच्या आईचा आणि बापाचा फोटो मागावा, आणि आईचे एक फोडलेले अंडे आतून दाखवायला सांगावे.

आपले,
काही परसातील कुक्कुटपालक, मुंबई