मंजूच्या कानावरील गाठीविषयी मित्रास पत्र

अमळनेर,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मित्र सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. मंजूच्या उजव्या कानाच्या पाळीमागची गाठ आता बोराएवढी झाली आहे आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, तिचे लग्न करायचे असल्यामुळे त्याआधी ती कापूनच टाकावी, असे घरात सर्वांच्या मनात आहे, हे वाचले. तू मत विचारले आहेस म्हणून आधीच लिहितो: पुढच्या उपचाराची सोय लावल्याशिवाय त्या गाठीला सुरी लावू देऊ नकोस.

आमच्या सुमनला हाच त्रास होता, हे तुला ठाऊक आहे. बुगडीसाठी कान वर टोचून घेतला आणि काही महिन्यांनी तिथे गाठ धरली. एका दवाखान्यात ती कापून टाके घातले, पुढे काय करायचे हे कोणी सांगितले नाही, आणि वर्षाच्या आतच त्याच जागी पहिल्यापेक्षा मोठी, जांभळट, चकचकीत गाठ उभी राहिली. उन्हाळ्यात तिला इतकी खाज सुटे की त्या कुशीवर निजणेच तिने सोडून दिले होते.

नंतर आम्ही ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो त्यांनी कारण नीट समजावून सांगितले. जखम भरण्यासाठी शरीर कोलॅजन नावाचे तंतू तयार करते. जखम भरली की हे काम मंदावायला हवे, पण काही जणांत ते चालूच राहते आणि वण मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरतो. त्यालाच केलॉइड म्हणतात. वण जाड झाला तरी जखमेच्या हद्दीतच राहिला, तर तो बहुधा काळाबरोबर आपोआप बसतो. केलॉइड सहसा तसा बसत नाही. आता कापणे म्हणजे त्याच शरीराला पुन्हा एक जखम करणे, आणि तीही टोचलेल्या भोकापेक्षा मोठी. म्हणूनच जोडीला दुसरा उपचार नसेल तर कापलेले केलॉइड परत येण्याचे प्रमाण वैद्यकीय ग्रंथांत 45 ते 100 टक्के असे दिलेले असते.

ही गाठ म्हणजे कर्करोग नव्हे आणि ती संसर्गजन्यही नाही, हे होणाऱ्या व्याह्यांना तू स्वतःहून सांगावेस असे मला वाटते. लपवलेल्या गोष्टीचा आपल्याकडे फार बभ्रा होतो. ही प्रवृत्ती घराण्यातून येऊ शकते आणि सावळ्या वर्णात अधिक आढळते, म्हणून धाकटीचा कान दुसऱ्यांदा टोचण्याचा बेत असेल तर तो रद्द कर.

उपचाराची सुरुवात बहुधा गाठीतच द्यायच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने होते. औषधाचे नाव ट्रायॲमसिनोलोन. दर 3 ते 6 आठवड्यांनी ते देतात. पहिले इंजेक्शन मी जवळ उभे राहून पाहिले आहे. गाठ इतकी घट्ट होती की सुई आत गेली तरी औषध जाईना. डॉक्टर अंगठ्याने जोर लावत होते, गाठ पांढरी पडत होती आणि सुमनने माझे मनगट घट्ट धरून ठेवले होते. पुढच्या खेपांना मात्र गाठ मऊ पडत गेली, औषध सहज जाऊ लागले आणि दुखणेही कमी झाले. खाज तर आधीच थांबली होती. या औषधाने आजूबाजूची कातडी पातळ किंवा पांढुरकी होऊ शकते, आणि क्वचित मुलींची मासिक पाळी पुढेमागे होते; वहिनींच्या कानावर हे आधीच घाल, म्हणजे ऐनवेळी घाबरगुंडी उडणार नाही.

गाठ पुरेशी बसली नाही तर मग कापायचे, पण कापल्यावर त्याच जागी इंजेक्शने चालू ठेवायची आणि जखम भरली की कानाला दाब देणारी खास क्लिप लावायची. ही क्लिप दिवसातून किमान 12 तास, सहा महिने ते वर्षभर वापरावी लागते. कानाची पाळी दोन्ही बाजूंनी दाबता येते, त्यामुळे हा उपाय कानाला सोयीचा आहे; छातीवरच्या किंवा खांद्यावरच्या केलॉइडला तो नीट करता येत नाही. सिलिकॉनची पट्टीही मिळते, परंतु आपल्या खानदेशच्या वैशाखात घामाने ती जागेवर राहत नाही आणि खाली पुरळ उठते. ती रोज काढून धुवावी लागते. वारंवार उलटणाऱ्या गाठीला शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच किरणोपचार सुरू करतात. पण तरुण वयात डॉक्टर तो विचारपूर्वकच सुचवतात, आणि मंजूची ही पहिलीच गाठ असल्यामुळे ती वेळ येऊ नये.

आता लग्नाचे. आखाजीला अजून बरेच महिने आहेत, तेवढ्यात इंजेक्शनांनी गाठ पुष्कळ बसू शकेल. कापायचे की नाही ते लग्नानंतर सावकाश ठरवा. लग्नात कान रिकामे नकोत म्हणून दुसरीकडे टोचण्याचा आग्रह कोणी धरील, तो मुळीच ऐकू नकोस. चापाची कर्णफुले सराफाकडून हलक्या वजनाची करून घे. जळगावसारखी सराफी पेठ जवळ असताना त्याची चिंता नको. गाठीला दोरा बांधणे आणि चुना लावणे हे प्रकारही बंद कर, त्याने जखम चिघळते आणि गाठ वाढायला निमित्त मिळते.

धुळ्याला किंवा जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात आधी दाखव. जे डॉक्टर कापायला सांगतील त्यांना एकच विचार: कापल्यानंतर पुढचे वर्षभर काय करायचे? उत्तर मिळाले नाही तर उठून ये. त्या भागात पुन्हा खाज सुटू लागली तर ते गाठ परतल्याचे पहिले लक्षण असू शकते, तेव्हा बरे झाल्यावरही दोन वर्षे लक्ष ठेवावे लागेल.

जायचा दिवस ठरला की कळव. जळगावला येणार असशील तर मी अमळनेरहून गाडीने येऊन स्टेशनवर भेटतो. वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
दिगंबर