टोरांटोच्या मंडळीचे आभार

समलिंगी लोकांनाही आपलं मानणाऱ्या, टोरांटोच्या मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्चमधल्या बंधुभगिनींनो, तुमची नावं विचारायची राहिली, म्हणून हे जाहीर आभार.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी मी आणि माझा जोडीदार मागेच घुटमळत होतो. पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी हाताला धरून पुढे नेलं. भाकर देणाऱ्यांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून एकत्रच प्रार्थना केली. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या मला रडू आवरेना.

याच चर्चने आधी तीन रविवार जाहीर करून १४ जानेवारी २००१ रोजी दोन समलिंगी जोडप्यांची लग्नं लावली. धमक्यांमुळे पाळकांनी झग्याखाली बुलेटप्रूफ जाकीट घातलं होतं! सरकारने नोंदणी नाकारली. २००३ मध्ये न्यायालयाने ती लग्नं वैध ठरवली. त्या दिवशी न घाबरता बाकांवर बसलेल्या प्रत्येकाचेही मनापासून आभार.